हातात डबा घेतलेला गायक : बिल विदर्स (१९३८-२०२०)

कोळसेवाडी_लोकल

मंडळी, गेल्या गुरुवारी सेकंड शिफ्ट उरकून कंपनीच्या बसने घरी येत होतो. कानात पोराने भरून दिलेली गाणी. त्यात एक लागलं. गिटार, हळू ठेका आणि एक पुरुषी आवाज. ती घरातून गेली आणि तिच्याबरोबर ऊनही गेलं, एवढंच म्हणणं. मग मधेच तो बाबा "आय नो, आय नो, आय नो" म्हणत सुटला तो थांबेचना. मला वाटलं मोबाइल अडकला. काढून बघितला तर गाणं व्यवस्थित चालू होतं. घरी आल्यावर पुन्हा लावलं आणि बोटांवर मोजलं. २६ वेळा.

गाणं 'एन्ट नो सनशाइन', माणूस बिल विदर्स. तेव्हापासून आठ दिवस दुसरं काही ऐकलेलं नाही. हिच्या शब्दांत सांगायचं तर "घरात त्या काकांनाही आता ताट वाढायचं का?" इथे सोल संगीतावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून जमवलेलं टाकतोय. चुका काढा, रागावणार नाही.

जन्म ४ जुलै १९३८, वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क. कोळशाच्या खाणीवर उभं राहिलेलं गाव. सहा भावंडांत हा शेंडेफळ. वाढला शेजारच्या बेकलीत. वडील खाणीत कामाला. हा १३ वर्षांचा असताना ते गेले. नंतर आई आणि आईची आई, दोघींनी वाढवलं. पोरगा बोलताना अडखळायचा. त्या मुलखात काळ्या मुलापुढे खाण नाहीतर पलटण, एवढ्याच वाटा. हा १७व्या वर्षी नौदलात गेला आणि ९ वर्षं तिथे विमानांच्या देखभालीचं काम केलं. १९६५ साली बाहेर पडला. मग कॅलिफोर्नियात मिळेल ती नोकरी. घरोघरी दूधसुद्धा टाकलं. "सांता क्लारा काउंटीतला पहिला काळा दूधवाला मीच" असं तो पुढे सांगायचा. १९६७ला लॉस एंजेलिस, आणि तिथे वेबर एअरक्राफ्ट या कारखान्यात नोकरी. काम काय, तर विमानातले संडास. जंबो ७४७चे सुद्धा.

इथवर गाण्याचा पत्ता नाही, हे लक्षात घ्या. वय तिशीला टेकलेलं. लहानपणी तबकड्या काढणारी, आईने पेटीपुढे बसवलेली कार्टी असतात त्यातला हा नव्हे.

मग तो गाण्यात आला कसा? त्यानेच सांगितलेला किस्सा आहे. ओकलंडच्या एका क्लबात लू रॉल्स नावाचा मोठा गायक येणार होता. हा ऐकायला गेलेला. रॉल्सला उशीर झाला आणि क्लबचा मॅनेजर दारात येरझाऱ्या घालत करवादत होता: आठवड्याला २००० डॉलर मोजतोय ह्याला, आणि वेळेवर यायला होत नाही! विदर्सची मजुरी तेव्हा तासाला ३ डॉलर. आम्ही कारखान्यातली माणसं हिशोबाला पक्की. ४० तासांचा आठवडा धरला तर १२० डॉलर. म्हणजे रॉल्सचा एक आठवडा आणि ह्याचे चार महिने. गडी उठला आणि गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्तातली गिटार घेऊन आला. कुठली साधना आणि कुठली सरस्वती! पगाराचा आकडा ऐकून गाण्यात आलेला माणूस मला तरी फार आवडला.

पगारातून पैसे बाजूला टाकून नमुन्याच्या टेप केल्या. त्या फिरत फिरत क्लॅरन्स अव्हांटकडे गेल्या. त्याची ससेक्स नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी होती. त्याने निर्माता म्हणून दिला बुकर टी. जोन्स. हा मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा जुना खांब, ओटिस रेडिंगच्या मागे वाजवलेला. बुकर टी.ने आपले स्टॅक्सचे सोबती आणले, बासवर डक डन, ड्रमवर अल जॅक्सन. गिटारला चक्क स्टीव्हन स्टिल्स. या असल्या मैफलीत हे संडासवाले गृहस्थ गाण्यांची वही घेऊन आले आणि बुकर टी.ला विचारते झाले, "ही गाणी म्हणणार कोण?" उत्तर मिळालं, "तूच."

आणि ते २६ 'आय नो'? तिथे खरं तर अजून एक कडवं यायचं होतं. शब्द तयार नव्हते म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी त्याने जागा भरून काढली. नंतर लिहीन म्हणाला, तर वादकांनी सांगितलं, हात लावू नकोस, असंच राहू दे. हा नवखा, समोर ही दिग्गज मंडळी. ऐकलं त्याने. कल्पना सुचली होती जॅक लेमन आणि ली रेमिक यांचा दारूत बुडालेल्या जोडप्यावरचा १९६२चा सिनेमा बघून. तबकडीवर ते दुसऱ्या बाजूला होतं, पहिल्या बाजूला 'हार्लेम'. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली. अमेरिकेच्या यादीत तिसरा नंबर आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी.

आता ज्या गोष्टीसाठी धागा काढला ती. त्या पहिल्या रेकॉर्डचं, 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम'चं (१९७१) मुखपृष्ठ शोधून बघा. विटांची भिंत, तिला टेकलेला विदर्स आणि हातात जेवणाचा डबा. फोटो कारखान्यातच काढलाय, जेवणाच्या सुट्टीत. रेकॉर्ड बाजारात यायची वेळ आली तरी पठ्ठ्याने नोकरी सोडली नव्हती. गाणंबजावणं हा बेभरवशाचा धंदा, नोकरी ती नोकरी, असं त्याचं स्वच्छ मत. माझे वडील हेच म्हणायचे आणि मी त्यांना मागासलेले समजायचो.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे.

—

जर्सीची_जाई

सुरेख लिहिलंय. 'लीन ऑन मी'शिवाय हा धागा पुरा कसा होणार, म्हणून मी लिहिते.

न्यू जर्सीत आल्यावर पहिल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला हे गाणं ऐकलं. सगळ्या पालकांना पाठ, मी एकटी ओठ हलवत उभी. तेव्हा मला वाटलं चर्चमधलं भजन असेल. घरी येऊन शोधलं तर १९७२चं गाणं, त्या वर्षी उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेलं. मला अडचण आली की तुझ्या खांद्याचा आधार घेईन, कारण उद्या तुलाही माझा लागणार आहे. एवढाच मजकूर. खाणीच्या गावात शेजारी शेजाऱ्याकडे मागतो तसा. मोठ्या शहरात आल्यावर हे असं मागता येत नाही असं त्याला जाणवलं आणि त्यातून गाणं आलं, असं त्याच्या मुलाखतीत ऐकलंय.

मग २०२०. ३० मार्चला तो गेला, हृदयविकाराने, ८१ वर्षांचा होऊन. बातमी बाहेर आली ३ एप्रिलला. तेव्हा इथे आमच्याकडे काय चाललं होतं ते आठवत असेल. रुग्णवाहिकांचे आवाज रात्रभर. आणि त्याच दिवसांत जो तो खिडकीतून, फोनवर, पडद्यावरच्या चौकोनांतून हेच गाणं म्हणत होता. समोरच्या घरातली मुलगी परिचारिका होती, ती ड्युटीवरून परत आली की गल्लीतले चार जण दारात उभे राहून तिच्यासाठी म्हणायचे. या वेळी मला शब्द येत होते.

एक शंका. हे 'सोल' म्हणजे नक्की काय? 'आत्मा' म्हटलं की आपल्याकडे लगेच प्रवचन सुरू होतं.

—

पेटीमास्तर

जाईताई, माझ्या परीने सांगतो. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जे गॉस्पेल चालतं त्याचा गळा, आणि ब्लूजची, म्हणजे त्यांच्याच दुःखाच्या गाण्यांची, गोष्ट. चर्चमध्ये देवाला उद्देशून जो हंबरडा फोडायचा तोच प्रेयसीला उद्देशून फोडला, की झालं सोल. पन्नाशीच्या दशकात रे चार्ल्सने हे केलं तेव्हा भाविक लोक चिडले होते. सॅम कूक तर गॉस्पेलमधला लाडका गायक, तो इकडे आला तेव्हा तिकडच्यांना वाटलं मुलगा वाया गेला. मग डेट्रॉइटला मोटाउन आणि मेम्फिसला स्टॅक्स, अशी दोन घराणी म्हणा. मोटाउनचा माल इस्त्री केलेला, स्टॅक्सचा घामट. मुख्य गायकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, हे तर आपल्या टाळकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

विदर्स मात्र यात पुरता बसत नाही. तो हंबरडा फोडतच नाही. ओसरीवर बसून बोलावं तसं गातो. गळ्याची कसरत नाही, ताना नाहीत. सोलमध्ये हे दुर्मीळ.

'लीन ऑन मी'बद्दल एक गंमत. पेटी काढा. पांढरी एकला सा धरा. आणि वाजवा:

सा सा रे ग म
म ग रे सा
सा रे ग ग रे

एवढंच! सुरुवातीची चाल संपली. शेजारच्या पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर, मधे एकही उडी नाही. विदर्स पियानो शिकलेला नव्हता. छोटा वुर्लिट्झर पियानो घरी आणला होता आणि त्यावर बोटं नुसती वरखाली फिरवताना ही चाल सापडली, असं तो सांगतो. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्या महिन्यात हेच वाजवतात, त्याला आम्ही अलंकार म्हणतो. त्यातून जगभर म्हटलं जाणारं गाणं निघेल हे मला तीस वर्षांत सुचलं नाही, याचं दुःख कुणाला सांगू?

—

उंटावरचा

लेख वाचनीय. पण आता "आणि मग त्याने प्रसिद्धीवर लाथ मारली" हा भाग येणार आणि सगळे डोळे पुसणार, म्हणून आधीच खडा टाकून ठेवतो.

विदर्सने १९८५नंतर रेकॉर्ड काढला नाही, बरोबर. पण गाण्यांचे हक्क त्याच्याकडे होते आणि बायको मार्शा तो कारभार बघायची. जाहिरातीत वाजलं, सिनेमात वाजलं, कोणी नव्याने म्हटलं, की चेक घरी. घरंजमिनीही घेऊन ठेवल्या होत्या. याला वैराग्य म्हणत नाहीत. याला आमच्या सदाशिव पेठेत "वेळेवर सोय लावून ठेवणं" म्हणतात. त्याच्याच काळातल्या कितीतरी कृष्णवर्णीय गायकांना रॉयल्टीचा पैसा दिसला नाही आणि साठीतही गावोगाव गात फिरावं लागलं. त्यांनाही सोडून घरी बसायला आवडलं असतं की.

—

कोळसेवाडी_लोकल

उंटराव, वैराग्य हा शब्द मी वापरलाच नव्हता. पण तुम्ही उशिरा घडलेली गोष्ट आधी सांगितलीत. सोडलं का, ते ऐका.

ससेक्स कंपनी १९७५च्या सुमारास बुडाली आणि तो कोलंबियासारख्या बड्या कंपनीकडे गेला. तिथे त्याला सल्लागार भेटले. काळ्या लोकांना काय आवडतं हे काळ्या माणसालाच समजावून सांगणारे गोरे साहेब. त्यांना त्याने नाव ठेवलं होतं 'ब्लॅक्सपर्ट', ब्लॅक आणि एक्सपर्टची मोट बांधून. त्यातल्या एकाने सुचवलं की एल्व्हिस प्रेस्लीचं 'इन द गेटो' तू म्हण. म्हणजे गरीब वस्तीत जन्मलेल्या पोराचं गाणं, गोऱ्या गायकाने गाजवलेलं, ते खाणीच्या गावातून आलेल्या या माणसाने उसनं घ्यायचं! वरून हॉर्न घाला, बायकांचे कोरस घाला.

१९७८ ते १९८५ त्याचा एकही स्वतंत्र रेकॉर्ड आला नाही. आळसामुळे नव्हे, गाणी पास होईनात म्हणून. मधल्या काळात ग्रोव्हर वॉशिंग्टन या सॅक्सोफोनवाल्याच्या रेकॉर्डवर एक गाणं म्हटलं, 'जस्ट द टू ऑफ अस'. १९८१ला ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं आणि दुसरं ग्रॅमी घेऊन आलं. म्हणजे घरची कंपनी स्टुडिओत घेईना आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन गडी ग्रॅमी आणतो. १९८५ला शेवटचा रेकॉर्ड आला आणि मग राम राम.

मला यात वैराग्य दिसत नाही, पण हिशोबही दिसत नाही. दिसतो तो तिसाव्या वर्षापर्यंत दुसरं काम करून पोट भरलेला माणूस. त्याला माहीत होतं की गाण्याशिवाय जगता येतं. अठराव्या वर्षी स्टार झालेल्याला हे माहीत नसतं, म्हणून त्याला साहेब सांगेल ते गावं लागतं. हक्क वगैरे आहेतच, पण ते हातात ठेवायची अक्कलही त्याच डब्यातून आली असं माझं म्हणणं.

—

उंटावरचा

शेवटचं वाक्य टाळ्यांचं आहे, पण मुद्दा मान्य. अर्धा.

—

निवृत्त_बी_शिफ्ट

मी पिंपरीला ३४ वर्षं मशिनवर काढली. गाण्यातलं कळत नाही, इंग्रजी तर त्याहून नाही. पण सुनेने हा धागा वाचून दाखवला आणि त्या डब्याच्या फोटोसाठी लिहितोय.

तो फोटो मोठा करून पाहिला. माणूस हसतोय. जेवणाच्या सुट्टीत पोज द्यायला लावली तर आमच्यातलाही असाच हसला असता. आजूबाजूच्यांनी टोमणे मारले असणार, "काय हिरो, आता आम्हाला ओळख देणार का?"

कोणीतरी ले-ऑफबद्दल लिहा ना. सुनेने कुठेतरी वाचलं की त्यालाही बसवलं होतं.

—

कोळसेवाडी_लोकल

काका, नमस्कार. हो, पहिला रेकॉर्ड आला त्या सुमारास कारखान्याने त्याला ले-ऑफ दिला होता. पुढे एका दिवशी टपालातून दोन पत्रं आली. एक कारखान्याचं: कामावर परत या. दुसरं जॉनी कार्सनच्या कार्यक्रमाचं: आमच्याकडे येऊन गा. कार्सनचा कार्यक्रम म्हणजे रात्री अख्खी अमेरिका बघायची तो. ही दोन पत्रं एकाच दिवशी आल्याचं तो म्हातारपणीसुद्धा सांगायचा. आणि गाण्याच्या १० लाख प्रती खपल्यावर रेकॉर्ड कंपनीने त्याला काय भेट दिलं असेल? सोनेरी संडासची सीट.

—

निवृत्त_बी_शिफ्ट

पहिलं पत्र त्याने जपून ठेवलं असणार. मी ठेवलं असतं.

—

शब्दअडकला

पहिल्यांदाच लिहितोय. नाव वाचून कळलं असेल, मी अडखळतो. लहानपणापासून. तोतरा म्हणतात ते. वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणता यायचं नाही म्हणून हात वर करायचो.

विदर्स वयाच्या २८व्या वर्षापर्यंत अडखळत होता. त्याने याबद्दल जे सांगितलंय ते मी फोनमध्ये लिहून ठेवलंय. सार असं, की अडखळणं समोरच्याला आपण कसे वाटू या भीतीतून येतं, आणि आपण समोरच्याला स्वतःपेक्षा फार मोठा समजत असतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने समोरच्यांना मनातल्या मनात उघडं करून बघायला सुरुवात केली. हसू नका. मी मुलाखतीत करून पाहिलंय. तीन साहेबांपैकी दोघांवर चाललं.

पण मला वेगळंच सांगायचंय. अडखळणारा माणूस बोलण्याआधी वाक्य मनात कापतो. जे शब्द अडकणार ते आधीच काढून टाकतो, सोपा पर्याय शोधतो. आयुष्यभर हेच संपादन. विदर्सची गाणी ऐकली की मला ती कात्री ऐकू येते. 'ग्रँडमाज हँड्स' जेमतेम दोन मिनिटांचं आहे. आजीचे हात रविवारी चर्चमध्ये टाळ्या वाजवायचे, खंजिरी वाजवायचे, संधिवाताने सुजायचे. बिली, असा पळू नकोस, काचेवर पडशील, गवतात साप असेल. आजीवरचं प्रेम, माया असा शब्द कुठेही नाही. फक्त हात. आणि शेवटी स्वर्गात गेलो तर तिचे हात शोधीन. संपलं. तिसऱ्यांदा ऐकताना मला माझ्या आजीच्या हातावरचं गोंदण आठवलं आणि पुढचं ऐकू आलं नाही.

गाताना मी अडखळत नाही. आमच्यातले बहुतेक जण नाही अडखळत. पण मला गाता येत नाही, हा वेगळा प्रश्न.

—

जर्सीची_जाई

शब्दअडकला, आणखी लिहीत जा. इथे तुमचं एकही वाक्य अडकलेलं नाही.

—

ट्रॅपवाला_तुक्या

काकालोक, तुम्ही सगळे भावुक झालात म्हणून थोडं आमच्या पिढीचं. विदर्स आम्ही नाव न कळता ऐकलेला आहे. 'ग्रँडमाज हँड्स'च्या सुरुवातीचं ते हुंकारणं उचलून ब्लॅकस्ट्रीटने १९९६ला 'नो डिगिटी' केलं, तो सरळ एक नंबर. विल स्मिथने 'जस्ट द टू ऑफ अस' घेऊन स्वतःच्या मुलावर गाणं केलं. 'लीन ऑन मी'चं क्लब नूवोने १९८७ला नाचायचं गाणं केलं, तेही एक नंबर, आणि त्याबद्दल गीतकार म्हणून विदर्सला तिसरं ग्रॅमी. म्हणजे दुकान बंद करून घरी बसलेल्या माणसाला ग्रॅमी. लहान मायकल जॅक्सनने 'एन्ट नो सनशाइन' म्हटलंय, ते जरूर ऐका. १३-१४ वर्षांचा पोरगा "ती गेली" म्हणतो तेव्हा शाळेतली बाई बदलून गेल्यासारखं वाटतं.

आणि 'यूज मी' कोणी काढलं कसं नाही? ड्रम्सवर जेम्स गॅडसन. ती थाप ऐकून खुर्चीत स्थिर बसून दाखवा.

'जस्ट द टू ऑफ अस'चे शब्द पण त्याचेच ना? काय लिहिलंय!

—

पेटीमास्तर

त्याचे एकट्याचे नाहीत. मूळ गाणं राल्फ मॅकडोनाल्ड आणि विल्यम सॉल्टर यांचं. ते घेऊन विदर्सकडे गेले तेव्हा हा म्हणाला, शब्दांत मला जरा हात घालू द्या. शब्दांच्या बाबतीत मी थोडा आढ्यताखोर आहे, असं तो कबूल करायचा. म्हणून तिघांची नावं लागतात.

गॅडसनबद्दल दुजोरा. दुसरा रेकॉर्ड 'स्टिल बिल' (१९७२) ऐका, त्यात तो आणि त्याचे वॉट्स १०३ स्ट्रीट बँडमधले साथीदार आहेत. पहिल्या रेकॉर्डला मोठी नावं होती, पण मला दुसरा जास्त आवडतो. इथे माणसं एकमेकांना ओळखून वाजवतात. रे जॅक्सनचा क्लॅव्हिनेट (विजेवर चालणारं, पियानोसारख्या पट्ट्यांचं वाद्य) 'यूज मी'मध्ये जो काही चावट बोलतो! आणि तुक्या, 'लव्हली डे' विसरलास. शेवटी १८ सेकंद एक सूर धरलाय. आमच्या शिष्याने घड्याळ लावून प्रयत्न केला, ११ला खोकला.

—

सातारकर_सुभेदार

सवड मिळाली की इथे येऊन वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

त्याचा एक रेकॉर्ड न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमाचा आहे. ६ ऑक्टोबर १९७२. त्यात एक गाणं आहे, 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड'. व्हिएतनामच्या लढाईत उजव्या खांद्यात गोळी लागलेला पोरगा. उजवा हात गेला, डाव्याने लिहिता येत नाही. म्हणून शेजारच्याला म्हणतो, माझ्या आईला पत्र लिहून दे. लिही, की धाकट्या भावाला सैन्यात घेऊ नयेत म्हणून वकिलाला भेट. लिही, की पाद्रीबाबांना माझ्यासाठी प्रार्थना करायला सांग. गाण्याआधी विदर्स प्रेक्षकांशी हळू आवाजात बोलतो. स्वतः ९ वर्षं गणवेशात काढलेला माणूस आहे, त्यामुळे घोषणाबाजी नाही. लढाई बरोबर की चूक, हे तो पोरगाही विचारत नाही. त्याला फक्त पत्र पाठवायचंय.

आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची पत्रं कंपनीतला एक शिकलेला शिपाई लिहायचा. आजीकडे चार-पाच पत्रं होती, सगळ्यांत एकच अक्षर आणि मजकूरही जवळपास एकच: मी खुशाल आहे, बैल विकू नये. आजोबा परत आल्यावर आजीने विचारलं म्हणे, की एवढंच सांगायचं होतं? ते म्हणाले, दुसऱ्याच्या हाताने आणखी काय लिहिणार?

गाणं ऐकल्यावर हे आठवलं.

—

कोळसेवाडी_लोकल

सुभेदारसाहेब, हे गाणं मी ऐकलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर बसमध्ये ऐकलं आणि स्टॉप चुकला. चालत आलो.

—

चाळ_नंबर_७

एवढं सगळं झालं आणि नारायण सुर्व्यांचं नाव कोणी कसं घेतलं नाही? गिरणीतून आलेला कवी आणि कारखान्यातून आलेला गायक, साम्य स्पष्ट आहे.

—

उंटावरचा

साम्य हातातल्या डब्यापुरतं. सुर्वे कामगार म्हणून कामगारांविषयी लिहीत होते, लाल बावटा खांद्यावर होता. विदर्सच्या गाण्यांत कारखाना शोधून दाखवा. सापडणार नाही. आजी आहे, बायको आहे, शेजारी आहे, शिपाई आहे. मशिन एकही नाही. आठ तास संडास जुळवून आलेल्याला घरी येऊन पुन्हा संडासावर गाणं लिहायची हौस नसते. यावर वेगळा धागा काढा, मी भांडायला येतो.

(आणि हो, 'स्टिल बिल' ऐकला. अर्धा म्हणालो होतो, पाऊण करा.)

—

ट्रॅपवाला_तुक्या

उंटकाका विरघळले, धाग्याचं सार्थक झालं.

अवांतर: ससेक्स कंपनीवरून आठवलं, डेट्रॉइटचा तो रॉड्रिगेझ, दक्षिण आफ्रिकेत प्रचंड गाजला आणि त्याला स्वतःला वर्षानुवर्षं पत्ता नव्हता, तोही याच कंपनीचा. क्लॅरन्स अव्हांटची नजर भारी होती. हिशोबाच्या वह्यांबद्दल बोलायला नको.

—

जर्सीची_जाई

२०१५ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सन्मान झाला, त्या भाषणाची चित्रफीत बघा. ओळख करून द्यायला स्टीव्ही वंडर. ७६ वर्षांचा विदर्स उभा राहिला आणि समोरच्या सगळ्या बड्या गायक-वादकांकडे बघून काय म्हणाला, तर ही पश्चिम गोलार्धातली दारू सोडणाऱ्यांची सगळ्यात मोठी सभा दिसतेय. हॉल फुटला हसून. ३० वर्षं रेकॉर्ड काढला नव्हता, पण ठेका कुठे द्यायचा ते बरोबर ठाऊक. आणि अडखळण्याचा मागमूस नाही. शब्दअडकला, हे तुमच्यासाठी.

—

शब्दअडकला

पाहिलं. चारदा.

—

निवृत्त_बी_शिफ्ट

पेटीमास्तरांना निरोप. घरी माळ्यावर आमच्या सौभाग्यवतींची भजनाची पेटी होती. त्या गेल्यापासून कोणी उघडली नव्हती. काल काढली. भात्याला उंदराने भोक पाडलंय, त्यावर चिकटपट्टी मारली. पांढरी एक म्हणजे कुठली हे सुनेने फोनवर बघून सांगितलं. सा सा रे ग म वाजतं. परत उतरताना ग वाजत नाही, पट्टी खाली बसून राहते. बोटाने उचलावी लागते. काही उपाय?

—

पेटीमास्तर

काका, वरची झाकणपट्टी काढून पट्टीखालची स्प्रिंग बघा, बहुतेक गंजली असेल. तशीच राहू द्या, जोर करू नका. मी रविवारी चिंचवडला असतो, हत्यारं घेऊन येतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.